मुकी काळी चार

१

अंबाजोगाईत पेटी बिघडली की माणसं ती अजिनाथकडे टाकत, आणि टाकली की तिचा विचार सोडून देत. सांगितल्या दिवशी पेटी तयार असण्याचा प्रसंग त्या दुकानात आजवर आलेला नव्हता. दोन खेटे ठरलेले. पण तिसऱ्या खेपेला जी पेटी हातात यायची, ती वाजवून बघताना गिऱ्हाइकाचा राग आपोआप उतरायचा, आणि अजिनाथ तेवढ्यात दुसऱ्या पेटीत डोकं घालून बसलेला असायचा.

त्याचा एक हट्ट होता, वडिलांकडून आलेला. एकही पट्टी मुकी ठेवून पेटी दाराबाहेर काढायची नाही. गिऱ्हाईक म्हणायचं, "अहो, ती कडेची पट्टी कोण वाजवायलंय? ऱ्हाऊ द्या की." तसं म्हटलं की पेटी परत फळीवर जायची आणि अजिनाथ आठवडाभर त्या माणसाशी बोलायचा नाही. लहान मुलानं रुसावं तसं रुसायचा, पन्नाशी उलटलेला माणूस.

दुसरी सवय घरची. बायको जाऊन चार वर्षं झाली होती. घरात तो आणि मुलगी सायली, बारावीतली. संध्याकाळी दुकान बंद करून तो गल्लीच्या तोंडाशी आला की खालच्या गळ्यात सा लावायचा. काळ्या पट्ट्यांतल्या चौथ्या पट्टीचा सा, काळी चार. भजनातली सगळी माणसं याच सुरात गातात, त्यामुळे तो त्याच्या गळ्यात बसून गेलेला. तो सा ऐकला की घरातून सायली पंचम द्यायची, आणि मग कडी निघायची. पोरगी तीन वर्षांची असताना सुरू झालेला हा खेळ बायकोच्या आजारपणातही चुकला नव्हता. त्या पंचमासाठी अजिनाथ दिवसभर दुकानात तग धरायचा. हे त्यानं कुणाला सांगितलं नसतं, पण होतं ते असं होतं.

२

दिवाळी झाल्यावर मुलींच्या शाळेतून उज्ज्वला मॅडमचा निरोप आला. मॅडम पुण्यात बरीच वर्षं पियानो शिकवून आता माहेरच्या गावी येऊन राहिल्या होत्या. शाळेच्या सभागृहात, खेळाच्या सामानामागे, गावात इंग्रज अधिकाऱ्यांची लष्करी छावणी होती त्या काळापासून एक पियानो पडून होता. तो शाळेच्या वार्षिक संमेलनाआधी बोलता करायचा होता. सायली त्यांच्याकडे दोन वर्षं शिकत होती, तीही कीबोर्डवर, आणि संमेलनात खऱ्या पियानोवर तीच बसणार होती.

"मी आयुष्यात पियानोला हात लावला न्हाई," अजिनाथ म्हणाला.

"मग आता लावा," मॅडम म्हणाल्या.

त्यानं झाकण उघडून आत पाहिलं. पट्ट्या होत्या, सूर होते. "पेटीच की," तो म्हणाला, "फक्त लई फुगलीय." आणि कामाला लागला.

दहा दिवस गेले. तारांवर टेकून सूर थांबवणाऱ्या, उंदरांनी कुरतडलेल्या गाद्या बदलल्या, चिकटलेल्या पट्ट्या सोडवल्या, तारा ओढण्यासाठी लोहाराकडून एक चावी घडवून घेतली. सगळ्या पट्ट्या एकेक करून बोलू लागल्या. एक मात्र बोलेना. मधल्या सप्तकातली काळी चार. पट्टी दाबली जायची, आतून लाकडाचा ठोका यायचा, आणि सूर काही नाही.

बॅटरी धरून पाहिलं तेव्हा दिसलं की तिच्या तिन्ही तारांमध्ये कापड कोंबलेलं होतं. उंदरानं नेलेलं कापड असं नसतं. हे नीट दुहेरी घडी घालून, पक्कडीनं घट्ट बसवलेलं होतं. अजिनाथनं चिमट्यानं ते उपसून काढलं. जाड लोकरी कोटाच्या कॉलरचा तुकडा होता, गळ्याशी येतो तिथलं बटणाचं काज अजून शाबूत. कचऱ्याबरोबर त्यानं तो झाडून टाकला.

मग पट्टी दाबली, आणि तो तसाच थांबला. पियानोतली प्रत्येक तार उतरली होती, कुठली दोन सूर, कुठली चार. शंभर वर्षांत उतरणारच. या तीन तारा मात्र जागच्या हलल्या नव्हत्या. सूर असा नितळ होता की त्याच्या अंगावर काटा आला, आणि तो काटा आनंदाचा आहे असं त्याला वाटलं.

आता यात पुढे जे झालं, ते पेटीवाल्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातून झालं नसतं. वडिलांनी दिलेली नमुन्याची पत्ती, म्हणजे पेटीच्या आत थरथरून सूर देणारी पितळी जीभ, जिच्यावरून तो सगळ्या पेट्या सुरात मिळवायचा, ती दसऱ्यालाच तडकली होती. मोबाइलवर सूर बघणाऱ्यांची तो टिंगल करायचा, त्यामुळे तो रस्ता बंद. महिनाभर पेट्या अडून होत्या, सप्ताहांचे दिवस तोंडावर आले होते. त्यानं याच काळी चारवरून सगळा पियानो मिळवला, आणि मग दुकानातल्या पेट्या एकेक करून सभागृहात आणून त्याच सुराला लावल्या. पालीच्या भजनी मंडळाची, नेकनूरची, केजची, होळची, लोखंडी सावरगावची. प्रत्येकीची पत्ती न पत्ती स्वतःच्या हातानं घासली, आणि पेट्या गावोगाव परत पाठवल्या. एवढा पक्का सा आपण आजवर कुणाला दिला नाही, याचा त्याला अभिमान वाटला.

३

पियानोपुढच्या बाकाच्या खणात मॅडमना वह्यांचा गठ्ठा सापडला होता. त्यात हातानं लिहिलेला एक सोनाटा होता. नावाच्या जागी नुसती दोन इंग्रजी अक्षरं, खाली मोमिनाबाद, म्हणजे अंबाजोगाईचं तेव्हाचं नाव, आणि साल १८९१. छावणीतल्या डॉक्टरसाहेबाची बायको हा पियानो वाजवायची असं शाळेच्या जुन्या कागदात एका ओळीत आहे, म्हणून तो सोनाटा तिचाच असणार. याहून जास्त कुणाला काही माहीत नव्हतं.

"सोनाटा म्हणजे काय असतं, मॅडम?" अजिनाथनं विचारलं.

"घरातून निघायचं," मॅडम म्हणाल्या, "भटकायचं, लांब लांब जायचं, आणि शेवटी घरी परत यायचं. एवढंच. पण ही बाई परत आलेली नाही. बघा."

सायली वाजवू लागली. संध्याकाळचे पाच वाजले होते, खिडकीतून उन्हाचा पट्टा पट्ट्यांवर आला होता. सुरुवात अगदी संथ होती, कुणी चालत येतंय अशी. मग चाल वाढली. सूर साच्या अंगणापर्यंत यायचे, वर रिषभाला टेकायचे, खाली निषादाला टेकायचे, आणि वळून निघून जायचे. एकदा, दोनदा, दहादा. अजिनाथ जागेवर चुळबुळू लागला. शेवटी तर नुसता निषाद राहिला, आणि त्यापुढे एक कोरा रकाना. त्यावर थांबायची खूण होती, बाकी काहीच नाही. सायलीनं हात उचलले.

"संपलं?" अजिनाथ म्हणाला.

"संपलं."

"सा कावून न्हाई?"

"लिहिलेलाच न्हाई, बाबा."

"तिची पट्टी मुकी व्हती म्हणून लिहिला नसंल. आता बोलती हाय की! असं निषादावर लटकवून कुणी उठतं का? भजनात गाणारा असा अडकला तर टाळकरी सूर उचलून त्याला घरी नेत्यात. वाजव."

मॅडमनी मान हलवली, पण विरोध केला नाही. त्यांनाही ते लटकणं सहन होत नव्हतं. सायलीनं शेवट पुन्हा वाजवला, निषादापाशी क्षणभर थांबली, आणि काळी चार दाबली.

किती बरं वाटलं! तिघांनीही एकदम श्वास सोडला. सूर सभागृहभर पसरला, तावदानं हलकी गुणगुणली. आणि मग तो विरायच्या ऐवजी तुटला. पट्टीवर सायलीचं बोट अजून होतं. कुणीतरी तारेवर हात ठेवावा तसा सूर एकदम बंद झाला.

"गादी चिकटली जणू," अजिनाथ म्हणाला, आणि झाकण उघडलं. गादीला काही झालेलं नव्हतं.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी पालीहून बंकटचा फोन आला. बंकट तिथल्या भजनी मंडळाचा पेटीवाला, बिंदुसरा धरणाच्या कडेला त्याचं शेत.

"अजिनाथराव, तुमचा मानूस आलता काल सांजच्याला."

"माझा कोण माणूस?"

"आता मला काय ठावं? मी पेटी घेऊन बसलतो, सा लावला, तर दारात हुबा. अजिनाथ पेटीवाल्याचं घर कुठशीक हाय म्हणला. म्या म्हणलं, ते अंबाजोगाईला, लई लांब. चालत निघाला व्हता. मंग म्या त्याला फाट्यापस्तोर नेऊन सोडला, म्हणलं असाच नेकनूरला जा."

"दिसायला कसा?"

"अंधारून आलतं," तो म्हणाला. "पर मानूस चांगला वाटला."

अजिनाथला वाटलं असेल कुणी गिऱ्हाईक. पायी येणारं गिऱ्हाईक त्यानं पंधरा वर्षांत पाहिलं नव्हतं, पण असतात एकेक. त्या संध्याकाळी सायलीनं सोनाटा पुन्हा वाजवला आणि शेवटी सा दिला. नेकनूरहून फोन आला तो तिसऱ्या दिवशी. तुमचं घर विचारत एकजण आला होता, चहा पाजला, केजचा रस्ता दाखवला. मफलर होता गळ्यात.

थंडी पडली होती. मफलर सगळ्यांच्याच गळ्यात होते, अजिनाथच्यासुद्धा.

नंतर केज. तिथल्या मंडळाच्या म्हाताऱ्या बुवांनी सांगितलं, "तुमच्यासारखीच पिशवी व्हती की खांद्याला. पत्ती घासायची कानस बाहेर आलती. म्या म्हणलं, सांभाळून, लागंल."

अजिनाथनं आपली पिशवी फळीवरून काढून पाहिली. कानस जागेवर होती. उगाच पाहिली, असं मनाशी म्हणून त्यानं ती परत ठेवली, आणि दहा मिनिटांनी परत काढून पाहिली.

५

वहीच्या समासात पेन्सिलीनं बारीक काहीतरी लिहिलेलं होतं. सायलीला ते आधीपासून माहीत होतं. तिनं समजूत करून घेतली होती की त्या बाईनं कुठे कुठे कार्यक्रम केले त्याची ती नोंद असणार.

"वाच बरं," अजिनाथ म्हणाला. जेवण झालं होतं, ती ओट्यापाशी भांडी पुसत होती आणि वही टेबलावर उघडी होती.

"पाली, सहा जानेवारी. मग नेकनूर, आठ. केज, अकरा. होळ, चौदा. सावरगाव, सोळा." तिनं पान वळवलं. "बाबा, त्या वेळी नेकनूरला पियानो कुठं असंल हो?"

तिला हसू आलं. अजिनाथला आलं नाही.

तो त्या रात्री नीट झोपला नाही, आणि झोप का येत नाही याची कारणं स्वतःलाच देत राहिला. एकच रस्ता आहे, बीडहून अंबाजोगाईला येणारा कुणीही त्याच गावांवरून येणार, त्या वेळी काय आणि आज काय. पेट्याही त्याच रस्त्यावरच्या गावांना दिलेल्या, कारण गिऱ्हाईकच तिथलं. यात घाबरण्यासारखं काय? सगळं पटत होतं. फक्त पटून झालं की पुन्हा पहिल्यापासून पटवायला लागायचं.

सकाळी त्यानं सायलीला सांगायचं ठरवलं की शेवटचा सा नको वाजवू. पण सांगताना कारण काय द्यायचं? आणि हट्ट तर त्याचाच होता. तो न सांगताच दुकानात गेला. संध्याकाळी दुकानातून त्याला शाळेकडून सोनाटा ऐकू आला, सावकाश चालत आल्यासारखा, आणि शेवटी तो सा. आणि तो तुटणं.

६

होळचा धर्मराज स्वतःच दुकानात आला. त्या भागातला नावाजलेला गाणारा, छातीचा भाता मोठा, बोलायला लागला की रस्त्यावरचे थांबतात. आल्या आल्या त्यानं अजिनाथच्या पाठीवर थाप मारली.

"काय बे, परवा एवढी घाई कसली व्हती? जेवायला थांब म्हणलं तर थांबला न्हाईस."

"मी होळला आलतोच न्हाई," अजिनाथ म्हणाला.

"चेष्टा करतो काय? देवळात पेटीवर सा धरला आन् तू पायरीवर. आन् काय बे, स्वतःच्या घराचा रस्ता इचारतूस? म्या म्हणलं ह्याला झालंय काय. गम्मत करायलाय म्हणून म्यापन सांगितला. सरळ जा, लोखंडी सावरगाव लागंल, मंग अंबाजोगाई, योगेश्वरीच्या देवळाच्या मागल्या आळीत तिसरं घर. तर म्हणतो, घरी पोरगी वाट बघत असंल, निघतो."

अजिनाथनं हातातली पत्ती खाली ठेवली. "तू तोंड पाहिलंस का त्याचं? नीट?"

धर्मराज हसत होता, तो हसायचा थांबला. डोळे बारीक करून त्यानं अजिनाथकडे पाहिलं, जणू आठवायचा प्रयत्न करतोय. "तुझंच तोंड की," तो म्हणाला. पण त्याच्या आवाजातला जोर गेला होता, आणि चहा न घेताच तो निघाला.

सावरगावहून फोन आला नाही. अजिनाथनं दोन दिवस वाट पाहिली, मग स्वतःच केला. तिकडच्या माणसाला प्रश्नच कळला नाही. "अहो, तुमीच तर आलता, मंगळवारी. आन् इचारता कशाला?"

त्या दिवशी त्यानं दुकान लवकर बंद केलं. गल्लीच्या तोंडाशी आला, गळा खाकरला, सा लावायला श्वास घेतला. आणि त्यानं सूर लावायच्या आधीच घरातून पंचम आला.

सायलीचाच आवाज. स्वच्छ, नेहमीसारखा, जरा लाडिक.

तो धावत सुटला. दार आतून बंद होतं. त्यानं थापा मारल्या, सायलीनं कडी काढली, आणि ती त्याच्याकडे बघतच राहिली.

"काय झालं, बाबा? आत्ता तर सा दिलात तुमी."

"कुठून आला? कुठून आला आवाज?"

"दारातूनच की," ती म्हणाली. "म्हणून तर कडी काढायला आले."

पायऱ्यांवर कुणी नव्हतं. समोरच्या घरातली बाई तांदूळ निवडत बसली होती. तिनं वर पाहून अजिनाथला विचारलं, की आताच तर पायऱ्या चढून दाराशी गेलात, मग परत गल्लीतून कसे आलात?

७

"वहीतलं ते शेवटचं वाच," अजिनाथ म्हणाला. "सावरगावच्या पुढचं."

"पुसट हाय."

"वाच."

सायलीनं वही खिडकीशी धरली. "फाटक, सतरा. पायऱ्या, अठरा. आणि मग..." तिच्या कपाळाला आठी पडली. "तारीख न्हाई. लिहिलंय, दार वाजतंय, डॉक्टरच आलेत, त्यांचाच आवाज हाय. पण ते तर इथं माझ्या शेजारी बसलेत." तिनं वही मिटली. "बाबा, हे काय हाय?"

"काही न्हाई. वेडी असंल बाई." त्यानं तिचे दोन्ही हात धरले. "सायली, उद्या संमेलनात शेवटचा सा वाजवायचा न्हाई. लिहिलंय तसं वाजव. कोरं सोड."

"तुमीच म्हणलात! मॅडमना आता सवय झालीय, त्यांच्या पुण्याच्या शिक्षकांना रेकॉर्डिंग पाठवायचंय, आन् तुमी..."

"माझं चुकलं. मी हात जोडतो तुला."

बापानं हात जोडलेले तिनं कधी पाहिले नव्हते. ती रडकुंडीला आली आणि बरं म्हणाली.

पण अजिनाथला सवयीची भीती वाटत होती. बोट आपोआप जाईल. दुसऱ्या दिवशी दुपारी तो सभागृहात गेला तेव्हा शिपाई आप्पाराव खुर्च्या मांडत होता. अजिनाथनं झाकण उघडलं. ते जुनं कापड केव्हाच कचऱ्यात गेलं होतं. पिशवीत चिंधी नव्हती, आणि वेळही नव्हता. त्यानं गळ्यातला मफलर काढला, कात्रीनं त्याचा एक तुकडा कापला, दुहेरी घडी घातली, आणि पक्कडीनं काळी चारच्या तारांमध्ये कोंबली. आयुष्यात पहिल्यांदा तो एक पट्टी मुकी करत होता, आणि त्याला वडिलांची आठवण येऊन फार वाईट वाटलं. दाबून पाहिलं, नुसता लाकडाचा ठोका.

"झालं का बोलतं?" आप्पारावनं लांबून विचारलं.

अजिनाथनं हो म्हणायला तोंड उघडलं. घशातून खरखर आली. थंडी बाधली असणार, त्यातून लाकडाचा भुसा. त्यानं मान हलवली आणि उरलेला आखूड मफलर खिशात कोंबला.

८

संमेलन पाच वाजता सुरू झालं. मॅडमची कल्पना अशी की आधी भजनी मंडळं गातील, मग पियानो. अजिनाथनंच महिन्याआधी सगळ्यांना आवतण दिलं होतं, आणि माणसं टेम्पो करून आली होती. पालीची, नेकनूरची, केजची, होळची, सावरगावची. पुढच्या रांगांत टोप्या आणि फेटे, मांडीवर टाळ. तासभर भजन रंगलं. पेट्या एका सुरात मिळालेल्या होत्या, एकही केसभर इकडेतिकडे नाही. बंकट वळून लोकांना सांगत होता की ही अजिनाथरावांची करामत.

अजिनाथ चौथ्या रांगेत, मधल्या वाटेच्या कडेला बसला होता. घसा पूर्ण बसला होता. दार त्याच्या पाठीमागे होतं, आणि तिथं आप्पाराव उभा होता.

सायली आली, नमस्कार करून बसली. ती त्याच्याकडे बघून हसली. त्यानं मान डोलावली. हे एवढं पार पडू दे, असं तो मनात म्हणत होता. एवढं पार पडलं की वही जाळतो, पियानो लोहाराला देतो.

सोनाटा सुरू झाला. संथ, चालत येणारा. भजनातली माणसं प्रथम चुळबुळली, मग ऐकू लागली. सूर घराजवळ यायचे आणि वळायचे. धर्मराजचं डोकं त्याबरोबर हलू लागलं. वळले की तो हळहळायचा. शेवटी निषाद आला. सायलीनं हात उचलले, मांडीवर ठेवले, आणि ती थांबली. मॅडमनी सांगितलं होतं, दहा आकडे मोज, मग ऊठ.

एक, दोन, तीन, अजिनाथ मोजत होता. सभागृह गच्च शांत. चार. पाच. पट्टी मुकी होती, तिनं दाबली असती तरी काही झालं नसतं. सहा.

पुढच्या रांगेत धर्मराजनं डोळे मिटले. पोरगी अडकलीय असं त्याला वाटलं. बिचारी, एवढं सुरेख वाजवून शेवटी अडकली. आणि गाणारा अडकला की काय करायचं, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. त्यानं सा उचलला.

बंकटनं उचलला. नेकनूरच्यांनी, केजच्या बुवांनी, सगळ्यांनी. शंभर गळे, मायेनं, त्या पोरीला घरी न्यायला. काळी चार, केसभर इकडेतिकडे नाही. पियानोतल्या तीन तारांमध्ये अजिनाथनं कापड कोंबलं होतं, आणि तोच सा त्यानं स्वतःच्या हातानं, पत्ती घासून, पाच गावांच्या गळ्यात घातला होता. हे त्याला तेव्हा कळलं. तो उठला. थांबा, गाऊ नका, असं ओरडायला त्यानं तोंड उघडलं, आणि तोंडातून नुसती हवा आली. खरखरसुद्धा नाही.

मग तो सा तुटला. शंभर गळ्यांतला, एकदम.

माणसं एकमेकांकडे बघू लागली. आणि त्या शांततेत पाठीमागून, दारातून, एक सा आला. उशिरानं, खालच्या गळ्यातला, जरा थकलेला. दिवसभर काम करून गल्लीच्या तोंडाशी आलेल्या माणसाचा.

"या की, या," आप्पारावचा आवाज आला. "कवाची वाट बघायलो तुमची. पोरीचं आत्ताच झालं बघा."

सायलीनं मान वर केली. तिचा उतरलेला चेहरा एकदम उजळला. ती अजिनाथच्या दिशेनं बघत होती, पण अजिनाथकडे बघत नव्हती. त्याच्या डोक्यावरून, दाराकडे. आणि तिनं पंचम दिला.

अजिनाथनं तिच्याकडे हात हलवले. छातीवर हात मारून घेतला. मी इथं आहे, मी. तिची नजर त्याच्यावरून गेली, अनोळखी माणसावरून जाते तशी, आणि पुन्हा दाराकडे लागली.

मधल्या वाटेनं चपला वाजत जवळ आल्या. त्यानं वळून पाहिलं ते खालीच. त्याच्याच चपला, डाव्या अंगठ्याशी शिवलेल्या. खांद्याची पिशवी, तीतून बाहेर आलेली कानस. मग मफलर, गळ्याभोवती पूर्ण वेढा घेतलेला, कुठेही कापलेला नाही. त्याच्या वर बघायचं अजिनाथला धाडस झालं नाही. तो खुर्चीत बसला.

त्याच्यापुढच्याच रांगेतून बंकट वळला. अजिनाथच्या गुडघ्यावर त्यानं हळूच हात ठेवला, नवख्या माणसाशी बोलतात तसा, अदबीनं.

"पाव्हणं," तो म्हणाला, "जरा सरकता का? पोरीच्या बापाला बसू द्या."

अजिनाथ सरकला.